एडिटर-विन्यास व वाङ्मयीन आज्ञावलीलेखन

एडिटर-विन्यास व वाङ्मयीन आज्ञावलीलेखन : संगणकावर मजकूर लिहिण्याच्या व दुरुस्त करण्याच्या साधनाची, म्हणजे टेक्स्ट एडिटरची, वैयक्तिक मांडणी केवळ यंत्राला द्यावयाच्या आज्ञांच्या स्वरूपात न ठेवता, त्या आज्ञांमागील हेतू व कारणे यांच्या विवेचनासह एका सलग निबंधाच्या रूपात लिहून ठेवण्याची पद्धती. या पद्धतीत एकाच मूळ फाइलमध्ये गद्य विवेचन व आज्ञांचे खंड एकाआड एक येतात. त्यातून यंत्रासाठी निव्वळ आज्ञावली वेगळी काढता येते आणि वाचकासाठी छापण्याजोगा ग्रंथही तयार करता येतो. एडिटरच्या ज्या घटकांत वापरणाऱ्याला आपल्या गरजेनुसार फेरफार करता येतात, त्यांच्या एकत्रित निवडीस विन्यास असे म्हणता येईल. कळफलकावरील कळींचे अर्थ, ओळीची लांबी, रंग, टंक, जोड-आज्ञावल्या व वापरणाऱ्याने स्वतः रचलेल्या नव्या आज्ञा यांचा त्यात अंतर्भाव होतो.

या पद्धतीचा उगम दोन स्वतंत्र प्रवाहांत आहे. वापरणाऱ्याला अंतर्बाह्य बदलता येईल असा एडिटर घडविण्याचा प्रयत्न हा पहिला प्रवाह असून, तो अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) या संस्थेत १९७० नंतरच्या दशकात वाढीस लागला. आज्ञावली ही प्रथम माणसाने वाचावयाची वाङ्मयकृती आहे, हा विचार दुसऱ्या प्रवाहाचा गाभा होय. त्याची मांडणी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी झाली. हे दोन्ही प्रवाह २००९ च्या सुमारास ॲम्स्टरडॅम येथे जन्मलेल्या ऑर्ग या तिसऱ्याच साधनाच्या आधारे एकत्र आले.

पूर्वपीठिका : एमआयटीत विद्यार्थी असलेल्या डॅन मर्फी यांनी १९६२-६३ मध्ये टेको नावाची आज्ञावली पीडीपी-१ या संगणकासाठी रचली. प्रारंभी तिचा उपयोग सच्छिद्र कागदी फितीवरील मजकूर दुरुस्त करण्यासाठी होत असे. टेकोमध्ये जवळजवळ प्रत्येक अक्षर ही एक आज्ञा होती आणि अशा आज्ञांच्या लांब माळा गुंफून त्या साठवून ठेवता येत. आपले नाव टेकोला आज्ञा म्हणून दिल्यास काय घडेल, हे ओळखण्याचा खेळ त्या काळी संगणकतज्ञांत प्रचलित होता. यावरून या भाषेची संक्षिप्तता व तिची दुर्बोधता या दोहोंची कल्पना येते.

एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत कार्ल मिकेल्सन यांनी १९७२ मध्ये टेकोला पडद्यावर मजकूर प्रत्यक्ष दाखविणाऱ्या अवस्थेची जोड दिली. रिचर्ड स्टॉलमन (१९५३–  ) यांनी १९७४ मध्ये या भागाचे पुनर्लेखन करून कोणत्याही कळीला वापरणाऱ्याने रचलेली आज्ञामाला जोडण्याची सोय केली. या एका सुधारणेने एडिटरचे स्वरूप पालटले. प्रयोगशाळेतील अनेकांनी आपापल्या आज्ञामालांचे संच तयार केले. त्यामुळे सोय झाली, पण एकाने बसविलेल्या एडिटरवर दुसऱ्याला काम करणे कठीण होऊ लागले. वैयक्तिक विन्यासाची मोकळीक आणि सामाईक समजूत यांच्यातील हा ताण पुढील सर्व इतिहासात कायम राहिलेला दिसतो.

इमॅक्सचा उदय : या विखुरलेल्या संचांचे एकीकरण करण्याचे काम गाय स्टील यांनी १९७६ मध्ये हाती घेतले. स्टॉलमन यांनी ते पुढे नेऊन पूर्ण केले आणि इमॅक्स हा एडिटर सिद्ध झाला. त्याचे नाव ‘संपादनाच्या आज्ञामाला’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या संक्षेपातून आले आहे. स्टॉलमन यांनी इमॅक्सच्या प्रती इतरांना देताना, केलेल्या सुधारणा परत कळवाव्यात अशी अपेक्षा ठेवली होती. त्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाच्या शीर्षकातच इमॅक्सची तीन वैशिष्ट्ये नोंदविली आहेत : वाढविता येण्याजोगा, जुळवून घेता येण्याजोगा व स्वतःचे वर्णन स्वतः देणारा. यांपैकी तिसरे वैशिष्ट्य प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. इमॅक्समधील प्रत्येक आज्ञेबरोबर तिचे थोडक्यात वर्णन साठविलेले असते आणि ते चालू कामातच विचारून घेता येते. तथापि हे वर्णन आज्ञा काय करते एवढेच सांगते. अमुक माणसाने ती आज्ञा आपल्या विन्यासात का घेतली, हे सांगण्याची सोय त्यात नाही.

मल्टिक्स या संगणक प्रणालीसाठी बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी १९७८ मध्ये इमॅक्सची नवी आवृत्ती लिस्प भाषेत लिहिली. तिच्या संदर्भात स्टॉलमन यांनी सांगितलेली एक हकिगत उद्बोधक आहे. तेथील कार्यालयातील टंकलेखन करणाऱ्या सचिवांना एडिटर वाढविण्याची कृती शिकविणारी पुस्तिका देण्यात आली, परंतु या कृतीला आज्ञावलीलेखन म्हणतात असा उल्लेख तिच्यात कोठेही नव्हता. त्यामुळे त्या न बिचकता ते काम शिकल्या. विन्यास लिहिणे हे आज्ञावलीलेखनच आहे, आणि पुष्कळांच्या बाबतीत ते पहिले आज्ञावलीलेखन असते, हे यावरून स्पष्ट होते.

स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाचा एक भाग म्हणून ग्नू इमॅक्स रचून १९८५ मध्ये सर्वांसाठी खुला केला. त्याचा गाभा सी भाषेत असून, बाकी बहुतेक सर्व भाग इमॅक्स लिस्प या भाषेत आहे. एडिटर सुरू होताच तो वापरणाऱ्याच्या घरसंचिकेतील ‘डॉट इमॅक्स’ नावाची फाइल वाचतो व तिच्यातील आज्ञा क्रमाने पार पाडतो. पुढे या फाइलसाठी स्वतंत्र संचिका ठेवण्याची रीत रूढ झाली. युनिक्स परंपरेतील बिल जॉय यांचा व्हीआय आणि ब्राम मोलेनार (१९६१–२०२३) यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला व्हिम या एडिटरांतही अशीच आरंभफाइल असते. मात्र इमॅक्सची आरंभफाइल ही ज्या भाषेत खुद्द एडिटर लिहिला आहे त्याच भाषेत असल्यामुळे तिच्यात काय लिहिता येईल याला व्यवहारात मर्यादा नाही.

विन्यासाची समस्या : आरंभफाइल सहसा काही ओळींनी सुरू होते आणि वर्षानुवर्षे वाढत जाते. काही ओळी स्वतः लिहिलेल्या, काही सहकाऱ्याकडून घेतलेल्या, काही पुस्तकातून उतरविलेल्या, तर काही एखाद्या जोड-आज्ञावलीतील तात्पुरता दोष टाळण्यासाठी घातलेल्या असतात. तो दोष पुढे दुरुस्त होतो, पण ती ओळ तशीच राहते. उदाहरणार्थ, इमॅक्स लिस्पमध्ये निरुपयोगी झालेली स्मृती परत मिळविण्याचे काम किती वापरानंतर सुरू व्हावे याची एक मर्यादा असते. तिचे मूळ मूल्य ८ लक्ष बाइट असते. एडिटर लवकर सुरू व्हावा म्हणून अनेकजण ही मर्यादा आरंभी कित्येक पटींनी वाढवितात. मर्यादा वाढविणारी ओळ आज्ञा म्हणून पूर्ण अर्थवाही आहे. परंतु ती आरंभापुरतीच होती की कायमची, आणि मूळ मूल्य पुढे परत आणावयाचे होते की नाही, हे त्या ओळीवरून कळत नाही. लिहिणाऱ्याच्या मनात ते असते आणि काही वर्षांनी तेथूनही नाहीसे होते.

अशा रीतीने विन्यास हा दीर्घायुषी दस्तऐवज बनतो, पण त्याचा कर्ता व वाचक यांच्यामध्ये काळाचे अंतर पडते, जरी दोघे एकच व्यक्ती असली तरी. काय काढले असता काय मोडेल हे न कळल्यामुळे जुने काहीच काढले जात नाही. शेवटी सर्व फाइल टाकून देऊन कोऱ्या पानावरून पुन्हा सुरुवात करावी लागते. इमॅक्स वापरणाऱ्यांनी या अवस्थेला दिवाळखोरी असे विनोदाने नाव दिले आहे. या दिवाळखोरीत जे बुडते ते मुख्यतः आज्ञांचे भांडवल नसून कारणांचे भांडवल असते. आज्ञा फाइलमध्ये शिल्लक असतात, त्यांची कारणे मात्र कोठेच नसतात.

इमॅक्सच्या विसाव्या आवृत्तीत (१९९७) विन्यासासाठी पडद्यावर भरावयाच्या नमुन्यांसारखी एक सोय समाविष्ट झाली. तिच्यामुळे लिस्प न जाणणाऱ्यालाही फेरफार करणे सुलभ झाले. परंतु तिने लिहिलेला मजकूर यंत्राने लिहिलेला असतो व त्यात कारणांना स्थान नसते. आज्ञांच्या ओळींत अधूनमधून टिपा घालणे हा दुसरा उपाय होता. टिपा उपयुक्त असल्या, तरी त्या आज्ञांच्या क्रमाला बांधलेल्या व त्रोटक असतात. सलग विचार मांडण्यास त्या अपुऱ्या पडतात.

कनूथ व वेब पद्धती : गणिती मजकुराच्या सुबक अक्षरजुळणीसाठी टेक ही प्रणाली रचण्याचे काम डॉनल्ड कनूथ (१९३८–  ) यांनी १९७७ मध्ये सुरू केले. एवढी मोठी आज्ञावली इतरांना वाचता यावी अशा स्वरूपात प्रसिद्ध करावी, अशी सूचना टोनी होअर यांनी केली होती. ती अमलात आणण्याच्या प्रयत्नातून वेब ही लेखनपद्धती निर्माण झाली. वेब म्हणजे जाळे. गुंतागुंतीची आज्ञावली ही साध्या तुकड्यांच्या परस्परसंबंधांचे जाळे असते, ही कल्पना तिच्यामागे आहे. संगणकक्षेत्रात तोवर न वापरल्या गेलेल्या थोड्या तीन-अक्षरी इंग्रजी शब्दांपैकी हा एक होता, असेही कनूथ यांनी नोंदविले आहे. पुढे हाच शब्द जगभर निराळ्याच अर्थाने रूढ झाला.

कनूथ यांनी आपले विचार १९८४ मध्ये द काँप्यूटर जर्नल या नियतकालिकातील निबंधात मांडले. यंत्राने काय करावे हे यंत्राला सांगणे हे आज्ञावलीकाराचे मुख्य काम नसून, यंत्राने काय करावे अशी आपली इच्छा आहे हे माणसांना समजावून सांगणे हे त्याचे मुख्य काम आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. निबंधाच्या शीर्षकासाठी त्यांनी योजलेल्या इंग्रजी विशेषणात साक्षर व वाङ्मयीन अशा दोन्ही छटा आहेत. त्यामागील मिस्किलपणा त्यांनी लपविला नाही. आपण निरक्षर आज्ञावली लिहितो असे कबूल करण्यास कोण तयार होईल, असा त्याचा रोख होता. मराठीत वाङ्मयीन आज्ञावलीलेखन ही संज्ञा मूळ प्रतिपादनाला अधिक जवळची ठरते.

वेब पद्धतीत दोन साहाय्यक आज्ञावल्या असतात. टँगल, म्हणजे गुंता करणारी, ही मूळ फाइलमधील आज्ञाखंड उचलून यंत्राला लागणाऱ्या क्रमाने जोडते. वीव्ह, म्हणजे विणणारी, ही गद्य व आज्ञा यांचे छपाईयोग्य पृष्ठ तयार करते. यंत्राला जे सरळ वाटते ते माणसाच्या दृष्टीने गुंता असते, हे या नावांतून सूचित होते. प्रत्येक आज्ञाखंडाला साध्या भाषेत नाव देता येते आणि त्या नावाचा उल्लेख अन्यत्र करून तो खंड तेथे आणता येतो. पास्कल भाषेत स्थिरांक, प्रकार, चलपदे व कार्यपद्धती ठरावीक क्रमानेच लिहाव्या लागत. वेबमुळे हे बंधन लेखकावरून उतरले व विवेचनाचा क्रम विचाराच्या क्रमाप्रमाणे ठेवता येऊ लागला. टेकची संपूर्ण आज्ञावली अशा रीतीने १९८६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

भारतीय वाचकाला येथे सूत्र व भाष्य यांच्या परंपरेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. सूत्र हे अल्पाक्षरी व पाठांतरास सोयीचे असते आणि त्याचा आशय भाष्यावाचून उलगडत नाही. परंतु या दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. पाणिनीच्या सूत्रांवरील पतंजलीचे भाष्य काही शतकांनंतरचे असून ते दुसऱ्याच्या हातचे आहे. सूत्रकाराचा हेतू काय होता, हा त्यामुळे वादाचा विषय होऊ शकतो. वाङ्मयीन पद्धतीत सूत्रकार व भाष्यकार एकच असून दोन्ही एकाच वेळी लिहिली जावीत अशी अपेक्षा असते.

आक्षेप व सुलभीकरण : जॉन बेंटली यांनी १९८६ मध्ये एका संगणकविषयक नियतकालिकातील आपल्या सदरात कनूथ यांना या पद्धतीचे प्रात्यक्षिक देण्यास सांगितले. एखाद्या मजकुरात सर्वाधिक वेळा येणारे शब्द शोधून काढणे, ही समस्या होती. कनूथ यांची आज्ञावली काही पृष्ठांची व कलाकुसरीची होती. तिचे परीक्षण करताना डग मॅकिलरॉय यांनी विवेचनपद्धतीची प्रशंसा केली, पण हेच काम युनिक्समधील तयार साधनांच्या सहा आज्ञा एकापुढे एक जोडून होते हे दाखवून दिले. उत्तम भाष्य लिहिण्यापूर्वी मुळात एवढी आज्ञावली हवी काय, हा त्यांचा प्रश्न अजूनही विचारार्ह आहे. विन्यासाच्या बाबतीत तो विशेषच लागू पडतो, कारण जी ओळ नसली तरी चालते तिचे सुंदर समर्थन करण्याचा मोह येथे होऊ शकतो.

मूळ वेब पास्कल भाषेशी निगडित होती. कनूथ व सिल्व्हिओ लेव्ही यांनी तिचे सी भाषेसाठी रूपांतर केले. नॉर्मन रॅम्झी यांनी १९८९ मध्ये नोवेब हे साधन रचले. ते कोणत्याही आज्ञाभाषेबरोबर चालते आणि त्याचे नियम थोडे आहेत. दुहेरी कोनकंसांत खंडाचे नाव लिहिण्याची त्याची रीत पुढे अनेक साधनांनी उचलली. सांख्यिकी क्षेत्रात फ्रीड्रिख लाइश यांनी २००२ मध्ये मांडलेल्या स्वीव्ह या साधनाने आर भाषेतील गणित व त्यावरील लेख एकाच फाइलमध्ये आणले. तरीही मोठ्या व्यावसायिक आज्ञावल्यांत वाङ्मयीन पद्धती फारशी रुजली नाही. अनेकांनी मिळून व घाईने बदलावयाच्या आज्ञावलीत गद्य अद्ययावत ठेवणे जड जाते. एकाच व्यक्तीची, दीर्घकाळ चालणारी व सावकाश वाढणारी आज्ञावली हे तिचे योग्य क्षेत्र होते. एडिटर-विन्यास नेमका याच प्रकारचा आहे.

ऑर्ग व बेबल : ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डॉमिनिक यांनी आपल्या टिपणे व कामांच्या याद्या सांभाळण्यासाठी २००३ मध्ये इमॅक्समध्ये ऑर्ग ही जोड-आज्ञावली तयार केली. तिची फाइल हा साधा मजकूर असतो. ओळीच्या आरंभी तारांकने देऊन मथळे व उपमथळे लिहितात, आणि मथळ्याखालचा मजकूर घडी घातल्यासारखा मिटविता व उघडता येतो. इमॅक्सच्या बाविसाव्या आवृत्तीपासून (२००७) ऑर्ग हा एडिटरचाच भाग झाला. एरिक शुल्ट व डॅन डेव्हिसन यांनी २००९ च्या सुमारास ऑर्गला बेबल हा विभाग जोडला. त्यामुळे ऑर्ग फाइलमध्ये निरनिराळ्या भाषांतील आज्ञाखंड लिहून ते तेथल्या तेथे चालविणे व वेगळे काढणे शक्य झाले. या दोघांनी टॉमस डाय व डॉमिनिक यांच्यासह २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात वाङ्मयीन लेखन व पुनःपडताळा घेता येण्याजोगे संशोधन ही या विभागाची दोन उद्दिष्टे सांगितली आहेत.

ऑर्ग एडिटरच्या आत असल्यामुळे एडिटरचा विन्यास ऑर्ग फाइलमध्ये लिहिणे ही स्वाभाविक पुढची पायरी होती. शुल्ट यांनी नवशिक्यांसाठी रचलेला आरंभसंचही याच पद्धतीने लिहिलेला होता.

कार्यपद्धती : मूळ ऑर्ग फाइलमध्ये विषयवार मथळे असतात, उदा., दृश्य स्वरूप, कळी, भाषा व लिपी, पत्रव्यवहार, आज्ञावलीलेखन इत्यादी. प्रत्येक मथळ्याखाली प्रथम गद्य येते : अडचण काय होती, कोणते पर्याय पाहिले, कोणता स्वीकारला व कोणत्या परिस्थितीत तो सोडून द्यावा. त्यानंतर आरंभ व अंत दर्शविणाऱ्या दोन खुणांच्या ओळींमध्ये लिस्प आज्ञांचा खंड येतो. मूळ आरंभफाइलमध्ये एखाददुसरीच ओळ उरते. ऑर्ग फाइल उघडून तिच्यातील लिस्प खंड वेगळे काढावेत व पार पाडावेत, एवढेच ती सांगते. ऑर्ग फाइल आधी काढलेल्या लिस्प फाइलपेक्षा नवी असेल, तरच खंड पुन्हा काढले जातात. एखादा खंड तात्पुरता वगळावयाचा असल्यास त्याच्या शीर्षओळीत तशी सूचना देतात. प्रयोग फसला तरी तो का फसला याची नोंद फाइलमध्ये राहते. एकाच ऑर्ग फाइलमधून अनेक फाइली निर्माण करता येत असल्याने आज्ञाकवचासारख्या इतर साधनांचा विन्यासही त्याच ग्रंथात ठेवता येतो.

विणण्याची बाजू ऑर्गच्या निर्यात सोयीने सांभाळली जाते. तीच फाइल लाटेक या टेकवर आधारलेल्या प्रणालीच्या साहाय्याने छापता येते. कनूथ यांनी टेकचे विवेचन करण्यासाठी निर्माण केलेली पद्धती अशा रीतीने टेकच्याच आधाराने पुन्हा कागदावर येते.

मराठीच्या दृष्टीने : गद्य भाग यंत्र वाचत नसल्यामुळे तो कोणत्याही भाषेत लिहिता येतो. इमॅक्सच्या विसाव्या आवृत्तीत जपानमध्ये विकसित झालेली बहुलिपी सोय समाविष्ट झाली आणि तेविसाव्या आवृत्तीपासून (२००९) अक्षरांची अंतर्गत साठवण युनिकोडवर आधारित आहे. इन्स्क्रिप्ट मांडणीने देवनागरी लिहिण्याची सोयही एडिटरमध्येच आहे. टेकमध्ये देवनागरी जुळविण्यासाठी नेदर्लंड्समधील ग्रोनिंगेन येथील फ्रान्स वेल्टहाउस यांनी १९९१ मध्ये मेटाफाँटच्या आधारे टंक व पूर्वप्रक्रियक तयार केले होते. युनिकोड देवनागरी आता झीटेकसारख्या प्रणालीतून सरळ छापता येते. त्यामुळे आज्ञा लिस्पमध्ये व त्यांची कारणे मराठीत, असा विन्यास लिहिण्यात आता तांत्रिक अडचण उरलेली नाही. ज्या भाषेत माणूस विचार करतो त्या भाषेत कारण लिहिले गेले, तर ते अधिक नेमके उतरण्याचा संभव असतो. मात्र विन्यास परभाषिकांना दाखवावयाचा असेल, तर हा लाभ सोडावा लागतो.

मर्यादा : या पद्धतीत काही व्यावहारिक अडचणी आहेत. (१) आरंभी चूक झाल्यास एडिटर जो ओळक्रमांक दाखवितो तो काढलेल्या लिस्प फाइलमधील असतो, मूळ फाइलमधील नव्हे. काढलेल्या फाइलमध्ये मूळ स्थानाकडे नेणाऱ्या टिपा घालून ही अडचण बऱ्याच अंशी दूर होते. (२) खंड काढण्यासाठी आरंभीच ऑर्ग जागे करावे लागते व त्यास वेळ लागतो. फाइल साठविताना खंड काढून ठेवल्यास तो वाचतो. (३) एडिटरबरोबर आलेले ऑर्ग आधी जागे झाले आणि विन्यासात ऑर्गची नवी आवृत्ती बसविण्याची आज्ञा असली, तर दोन आवृत्त्यांची सरमिसळ होऊन अनाकलनीय दोष उद्भवतात. (४) काढलेली फाइल हीच आरंभफाइल असल्यास पडद्यावरील नमुन्यांतून जतन केलेल्या निवडी पुढच्या वेळी खंड काढताना पुसल्या जातात. त्यांच्यासाठी वेगळी फाइल नेमून द्यावी लागते. (५) विन्यास इतरांना दाखविण्याजोगा असतो, म्हणूनच त्यात परवलीचे शब्द ठेवू नयेत. त्यांच्यासाठी सांकेतिक रूपात साठविलेली स्वतंत्र फाइल असते.

तात्त्विक आक्षेपही आहेत. कनूथ यांच्या पद्धतीचे मर्म विवेचनाचा क्रम यंत्राच्या क्रमापासून मुक्त करण्यात आहे. बहुतेक वाङ्मयीन विन्यासांत खंड वरून खाली त्याच क्रमाने काढले जातात आणि नामांकित खंडांचा उपयोग क्वचित होतो. त्यामुळे हे खरे वाङ्मयीन लेखन नसून विस्तृत टिपांनी युक्त अशी साधी आज्ञावली आहे, असे काहींचे मत आहे. दुसरे असे की, जॉन विगली यांनी रचलेली व इमॅक्सच्या एकोणतिसाव्या आवृत्तीत (२०२३) समाविष्ट झालेली यूझ-पॅकेज ही रचना प्रत्येक जोड-आज्ञावलीचा विन्यास एका सुटसुटीत गटात बांधते. नीटनेटकेपणा एवढाच हेतू असेल, तर तिने काम भागते.

मूल्यमापन : वरील आक्षेपांत तथ्य असले, तरी त्यांनी मूळ प्रश्न सुटत नाही. आज्ञांची रचना कितीही सुबक केली, तरी ती निवडीचे कारण सांगू शकत नाही. कारण सांगण्यास गद्यच लागते. दुसरीकडे, गद्य आहे एवढ्यावरून ते खरे आहे असे ठरत नाही. आज्ञा चुकली तर एडिटर तक्रार करतो, विवेचन जुने झाले तर कोणीही तक्रार करीत नाही. बदललेल्या आज्ञेशेजारी न बदललेले विवेचन हे विवेचनाच्या अभावापेक्षाही घातक असते, कारण ते वाचकाचा विश्वास घेऊन त्याला चुकीच्या वाटेने नेते. म्हणून खंड बदलताना त्यावरील गद्य पुन्हा वाचणे ही या पद्धतीची खरी शिस्त होय. ती कोणतेही साधन लेखकाच्या वतीने पाळू शकत नाही.

एडिटर हे लिहिणाऱ्याच्या हातात आयुष्यभर राहणारे साधन आहे. त्यातील फेरफार त्याच्या कामाच्या सवयींचा हळूहळू साचलेला वृत्तांत असतो. प्रयोगशाळेतील एकाच्या आज्ञामाला दुसऱ्याला कळेनाशा झाल्या, तेव्हा इमॅक्सचा जन्म झाला. स्वतःच्याच आज्ञा स्वतःला कळेनाशा होतात, तेव्हा वाङ्मयीन विन्यासाची गरज भासते. पहिल्या अडचणीवर सामाईक एडिटर हा उपाय होता. दुसरीवर प्रत्येक आज्ञेशेजारी तिचे कारण लिहून ठेवणे आणि आज्ञा बदलेल तेव्हा तेही बदलणे, यावाचून दुसरा उपाय अद्याप आढळलेला नाही.